ग्वे ब्लाँ: शार्डोनेची आई आणि तिचं मोठं खटलं

दिंडोरी भागातले एक तरुण बागायतदार वायनरीसाठी शेनिन ब्लाँ हा वाइनचा पांढरा वाण पिकवतात. शार्डोने ही वाइनची नामांकित पांढरी वेल ज्या वाणाच्या पोटी जन्मली तो ग्वे ब्लाँ नावाचा पांढरा वाण आज जवळपास दिसेनासा झालाय, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हे नातं खरं कशावरून? इतक्या नामांकित वाणांची आई असूनही तिला कुणी लावत का नाही? आणि तिच्या काड्या आणून नाशिकला लावल्या तर काही साधेल का?

वाइनच्या द्राक्षांवर सल्ला देणं आणि रोपवाटिकेतली कलमं पारखणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो: नातं पक्कं आहे, शंकेला जागा नाही. आईला लावू नका. पण तिची एक लेक तुमच्या कामाची आहे, आणि त्या लेकीचा दुसरा पालक तुमच्या बागेत आत्ता उभा आहे.

सुरुवातीला एक फरक नीट समजून घेऊ, कारण वाणांच्या नात्याबद्दलचा निम्मा घोळ तिथेच होतो. तास-ए-गणेश आणि सोनाका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. दोन्ही थॉम्पसन या बिनबियांच्या वाणातून निघाले. थॉम्पसनच्या एखाद्या वेलीवर एका डोळ्यातून वेगळा फुटवा येतो, मणी लांबट किंवा वेगळ्या ठेवणीचे लागतात, जाणत्या बागायतदाराच्या ते नजरेत भरतं, तो त्याच काडीची कलमं करतो आणि नवं नाव पडतं. इथं लग्न झालेलं नाही. तीच वेल, अंगात एखादा बदल घेऊन पुढं गेली. पिनो न्वार, पिनो ग्री आणि पिनो ब्लाँ यांचं नातंही असंच आहे. काळा, करडा-गुलाबी आणि पांढरा हे तीन रंग असले तरी वेल एकच. म्हणून शास्त्रज्ञ पालकत्वाची गोष्ट करताना नुसतं ‘पिनो’ म्हणतात.

बीपासून उगवलेली वेल ही मात्र वेगळीच गोष्ट. एका वाणाचं परागकण, दुसऱ्याचं फूल, त्यातून मणी, मण्यात बी आणि बीतून रोप. हे रोप दोघांपैकी कुणासारखंच हुबेहूब नसतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-516 असा जन्मला, कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून. शार्डोनेसुद्धा अशीच, फक्त तिचं लग्न कुणा संशोधकाने लावलं नव्हतं. पूर्व फ्रान्समधल्या एखाद्या बागेत बी पडली, रोप उगवलं, कुणीतरी ते उपटलं नाही, फळ चाखलं आणि त्याच्या काड्या लावल्या. त्यानंतर जगभर शार्डोनेची जेवढी वेल पसरली ती त्या एका रोपाच्या काड्यांचीच.

आता ग्वे ब्लाँकडे येऊ. मध्ययुगात ईशान्य फ्रान्सपासून जर्मनी, ऑस्ट्रिया आणि पुढे क्रोएशियापर्यंत ही वेल सर्रास होती. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं. जर्मन भाषेत हॉयनिश, स्वित्झर्लंडच्या वरच्या व्हॅले भागात ग्वेस, क्रोएशिया-स्लोव्हेनियाकडे श्टायर्स्का बेलिना. जुन्या जर्मन लिखाणात द्राक्षांचे ‘फ्रेंकिश’ आणि ‘हॉयनिश’ असे दोन मोठे गट पाडलेले दिसतात. पहिला थोरामोठ्यांचा, दुसरा हलका. बाराव्या शतकातल्या बिंगेनच्या हिल्डेगार्ड या साध्वीनेही या दोन प्रकारच्या वाइनमधला फरक नोंदवलाय: फ्रेंकिश दमदार, हॉयनिश पाणचट. म्हणजे हा वाण हलका समजला जाणं हे आजकालचं नाही.

त्याला कारणं होती. ग्वे ब्लाँ भरभरून पिकते, घड मोठे, जोम दांडगा. वाइन मात्र आंबट, कमी अल्कोहोलची, वासाला फिकी. पूर्व फ्रान्सच्या बर्गंडीत उतारावरच्या चांगल्या जमिनी मठांच्या आणि सरदारांच्या. तिथं पिनो. खालच्या सपाट, गारठ्याच्या, पाणी साचणाऱ्या जमिनीत कुळांची ग्वे. शेतकऱ्याच्या घरी रोज पिण्यासाठी पिंपभर वाइन हवी असायची, तिचा भाव कुणी विचारत नव्हतं. मालकांना आणि राज्यकर्त्यांना या वेलीचा राग होता, कारण ती शेजारच्या चांगल्या वाइनचं नाव खराब करते असं त्यांना वाटे. तिच्या लागवडीवर बंदी घालण्याचे प्रयत्न ठिकठिकाणी झाले. गंमत पाहा, 1395 मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने जी गामे नावाची काळ्या द्राक्षाची वेल उपटून टाकायचा हुकूम काढला, ती गामेही याच ग्वेची लेक. त्याला ते कळायला मार्ग नव्हता. जास्त पिकण्याचा जो दोष त्याला दिसत होता, तो आईकडून आलेला असण्याची शक्यता दाट आहे.

उंच उतारावर पिनो आणि पायथ्याला ग्वे, मध्ये काही पावलांचं अंतर, काही ठिकाणी दोन्ही एकाच बागेत मिसळलेल्या. शतकानुशतकं हे असंच चाललं. शेजार इतका जवळचा असल्यावर बिया पडणारच. बी पडून उगवलेलं रोप बहुतेक वेळा निकामी निघतं, हे रोपवाटिकेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. पण शेकडो वर्षं लाखो बिया पडत राहिल्या आणि त्यातल्या मोजक्या रोपांनी कुणा शेतकऱ्याची नजर थांबवली.

हे सगळं 1999 पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. शार्डोने ही पांढऱ्या पिनोचीच एक तऱ्हा असं पुष्कळ जण समजत, कारण दोन्हींची पानं-घडं दिसायला फार जवळची. डोळ्याने फरक करायची एक खूण आहे आणि ती बागेत उभं राहून बघण्यासारखी आहे. पानाचा देठ जिथं पानाला मिळतो तिथं एक खाच असते. शार्डोनेच्या पानात त्या खाचेच्या कडेला पानाचा हिरवा भागच नसतो, दोन्ही बाजूंच्या शिरा उघड्या पडलेल्या असतात. पांढऱ्या पिनोच्या पानात ती खाच हिरव्या भागाने वेढलेली असते. पान उन्हाकडे धरलं की लगेच कळतं. पण ही खूण एवढंच सांगते की दोन वाण वेगळे आहेत. त्यांचं आपसात नातं काय, हे पान बघून सांगता येत नाही.

ते सांगितलं डीएनएने. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी 1997 मध्ये कॅबर्ने सॉव्हिन्यॉन ही कॅबर्ने फ्राँ आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँची संतती असल्याचं दाखवलं आणि द्राक्षाच्या जगात खळबळ उडाली. त्यानंतर त्यांनी मोंपेलिएच्या जाँ-मिशेल बुर्सिको आणि इतर फ्रेंच सहकाऱ्यांना बरोबर घेतलं. बुर्सिको म्हणजे नुसतं पान पाहून वाण ओळखणारा माणूस. चिलीत मर्लो म्हणून लावलेली वेल खरं तर कार्मेनेर आहे हे 1994 मध्ये त्यांनीच बागेत उभं राहून सांगितलं होतं.

पद्धत सोपी करून सांगतो. डीएनएत काही जागी छोटी अक्षरमाला पुनःपुन्हा येते. किती वेळा येते हे वाणागणिक बदलतं. वेलीकडे अशा प्रत्येक जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. समजा एका जागी पिनोकडे 10 आणि 14 वेळा, तर ग्वेकडे 8 आणि 12 वेळा ती माला येते. मग या दोघांच्या लेकराकडे पिनोची एक आणि ग्वेची एक प्रत असलीच पाहिजे: 10 आणि 8, 10 आणि 12, 14 आणि 8, किंवा 14 आणि 12. एखाद्या वेलीकडे 10 आणि 14 निघाले तर ती या जोडीची संतती असूच शकत नाही. एका जागी जुळणं योगायोग असू शकतो. त्यांनी 300 हून जास्त वाण आधी 17 जागांवर तपासले, मग जुळणारे वाण आणखी जागांवर, मिळून 32. सगळीकडे जुळले ते खरे.

असे 16 वाण निघाले, सगळे पिनो आणि ग्वे ब्लाँ या एकाच जोडीचे. शार्डोने, गामे न्वार, आलिगोते, मेलों, ओसेरवा, साँसी, रोमोराँताँ ही त्यातली आज पिकवली जाणारी किंवा निदान नावाने ओळखली जाणारी. बाशे न्वार, बोन्वार, दामरों, पर्यों, रुब्लो ही नावं आता जुन्या संग्रहातच सापडतात. ‘सायन्स’ नियतकालिकात हा निबंध आला तेव्हा बर्गंडीत अनेकांना पचवायला जड गेला. जिची बदनामी पिढ्यान्‌पिढ्या केली, ती आपल्या सर्वांत मोठ्या पांढऱ्या वाइनच्या घरातली निघाली.

रंगाची गोष्ट मला यात सगळ्यांत आवडते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. पांढरं द्राक्ष हे काळ्यातून बिघाड होऊन आलेलं आहे. सालीत रंग तयार करायची आज्ञा देणाऱ्या जनुकात एक भटका डीएनए-तुकडा घुसला आणि ते जनुक बंद पडलं. जपानी संशोधकांनी 2004 मध्ये हे दाखवलं. काळ्या वेलीला एक चालू प्रत पुरते. पांढरी व्हायला दोन्ही प्रती बंद पडलेल्या लागतात. ग्वे ब्लाँच्या दोन्ही बंद. पिनो न्वारची एक चालू, एक बंद. म्हणजे या जोडीची लेकरं काळी आणि पांढरी, दोन्ही निघणार, साधारण अर्धी-अर्धी. त्या 16 मध्ये 11 पांढरी आणि 5 काळी आहेत.

आता यातून पुढचं एक अनुमान निघतं. पांढऱ्या पिनोच्या दोन्ही प्रती निकामी, म्हणून तिची आणि ग्वेची सगळी लेकरं पांढरीच होतील. करड्या पिनोची तऱ्हा और आहे. तिच्या सालीच्या वरच्या थरात रंगाची चालू प्रत आहे, आतल्या थरात नाही, आणि परागकण व बीजांड तयार होतात ते आतल्या थरातून. म्हणून तिचीही लेकरं ग्वेबरोबर पांढरीच. यावरून गामेच्या जन्मात पिनोचा जो कोणता रंग होता तो काळाच, हे पक्कं होतं. शार्डोनेबाबत असं म्हणता येत नाही, ती तिन्हींपैकी कुणाकडूनही येऊ शकली असती.

आई कोण आणि बाप कोण हा पुढचा प्रश्न. वर सांगितलेल्या तपासणीतून जोडी कळते, भूमिका कळत नाही. द्राक्षात हरितद्रव्याच्या कणांमधला डीएनए फक्त मादीकडून येतो, त्यावरून ते ठरवता येतं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2010 मध्ये तो तपासला. शार्डोने, गामे आणि आलिगोते या तिघींची आई ग्वे ब्लाँच निघाली. म्हणजे मानाच्या पिनोचा पराग खालच्या बागेतल्या ग्वेच्या फुलावर पडला. मी या उत्तरात तिला सारखं आई म्हणतोय ते त्यामुळेच, लाडाने नाही.

ग्वेचा गोतावळा पिनोपुरता नाही. तिच्याशी थेट पालक-संतती नातं असलेले वाण 80 च्या वर मोजले गेलेत, आणि त्यात अर्ध्या युरोपची नामांकित नावं आहेत. ऑस्ट्रियात क्लोस्टरनॉयबुर्गच्या संशोधकांनी 1998 मध्येच दाखवलं होतं की रीसलिंगची एक पालक हॉयनिश, म्हणजे आपली ग्वेच. रीसलिंगची पहिली लेखी नोंद 1435 ची, जर्मनीत माइन नदीकाठच्या रुसेल्सहाइमची. हंगेरीतल्या टोकाय भागाची फुर्मिंट तिची. ऑस्ट्रियाचा काळा ब्लाउफ्रेंकिश तिचा. फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड येण्यापूर्वी कोन्याक या फ्रेंच ब्रँडीचा मुख्य वाण असलेली फोल ब्लाँश तिची.

यात एक दुसरं मोठं घराणं गुंतलेलं आहे: साव्हान्याँ, जर्मनीत तिला ट्रामिनर म्हणतात. ग्वे आणि साव्हान्याँ यांची शांपेनमधली प्ती मेलिए, स्वित्झर्लंडची रॉयश्लिंग आणि लोरेनची ओबाँ ब्लाँ ही भावंडं. साव्हान्याँ हे किती जुनं घराणं आहे याचा पुरावा फ्रान्समध्ये ओर्लेआँ इथल्या उत्खननात मिळाला. साधारण 900 वर्षांपूर्वीच्या एका बीचा डीएनए आजच्या साव्हान्याँ ब्लाँशी तंतोतंत जुळला, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. नऊशे वर्षं माणसं त्याच वेलीच्या काड्या पुन्हा पुन्हा लावत आली.

आणि आता तुमच्या बागेकडे वळतो. शेनिन ब्लाँची एक पालक हीच साव्हान्याँ. सॉव्हिन्यॉन ब्लाँची पण एक पालक तीच. नाशिकच्या वाइन उद्योगाने 2000 मध्ये ज्या दोन पांढऱ्या वाणांवर सुरुवात केली, त्या दोघी अशा एकाच पालकाच्या लेकी आहेत. आपल्याकडे या नात्याची वाच्यता फारशी होत नाही, पण बागेत दोन्ही शेजारी लावलेल्या असतील तर एकदा बारकाईने बघा. शेनिन आणि ग्वे यांचंही एकमेकींशी लग्न झालेलं आहे. फ्रान्समधल्या लवार नदीच्या आणि शारांतच्या पट्ट्यात कधीतरी, शेतकऱ्याला न विचारता. त्या जोडीची तीन लेकरं माहीत आहेत: बाल्झाक ब्लाँ, मेलिए सें-फ्राँस्वा आणि कोलोंबार. पहिल्या दोघांना आज कोणी विचारत नाही. तिसरीकडे मी थोड्या वेळाने येतो.

एकाच वेलीला इतकी चांगली लेकरं का झाली? याचं उत्तर पूर्वी सोपं दिलं जायचं: पिनो पश्चिमेची, ग्वे पूर्वेची, दोघी दूरच्या, म्हणून संकर जोमदार. रोमन सम्राट प्रोबस याने तिसऱ्या शतकात गॉलमध्ये द्राक्ष लावायची मुभा दिली, तो स्वतः बाल्कनकडचा, तेव्हा त्यानेच ग्वे आणली असेल, अशी एक आख्यायिकाही या तर्काला जोडली जाते. मला ती आख्यायिका कधी पटली नाही, कारण तिच्या बाजूने कागद नाही आणि बीही नाही. शिवाय 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शार्डोनेचा पूर्ण जनुकसंच वाचला तेव्हा पिनो आणि ग्वे यांच्यातच आधीपासून रक्ताचं नातं असल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे ‘दूरचे आले आणि जोम आला’ हे चित्र इतकं सरळ राहत नाही.

माझं मत विचाराल तर मी जास्त वजन साध्या गोष्टीला देतो. ग्वे सगळीकडे होती. भरपूर फुलायची, भरपूर फळायची, आणि तिच्या शेजारी त्या त्या भागातला सर्वांत चांगला वाण असायचा. बर्गंडीत पिनो, जर्मन भाषकांच्या मुलखात ट्रामिनर, लवारकाठी शेनिन. प्रत्येक ठिकाणी तिच्या फुलांवर वेगळा, पण चांगलाच पराग पडला. आंबटपणा आणि पिकण्याची ताकद तिच्याकडून, चव आणि साखर दुसऱ्याकडून, असे काही मोजके जमून आलेले संच टिकले. बाकीचे हजारो शेतकऱ्यांनी उपटून टाकले आणि त्यांची नोंद कुठंच नाही.

हे सांगतानाच एक इशारा देतो, कारण वंशवेलीचे तक्ते आता सगळीकडे फिरतात. डीएनए दोन वाणांमध्ये पालक-संतती नातं आहे हे सांगू शकतो, पण दुसरा पालक हातात नसेल तर कोण कोणाचं लेकरू हे ठरवता येत नाही. पिनो आणि साव्हान्याँ यांच्यात असंच थेट नातं आहे, कुणाकडून कुणाकडे ते मात्र खुलं आहे. तेव्हा एखाद्या तक्त्यात दोन्ही पालकांची नावं नसतील तर बाण कोणत्या दिशेला काढलाय यावर फार भरवसा ठेवू नका. जर्मनीतल्या सिबेल्डिंगेनच्या द्राक्ष संस्थेची जागतिक वाणसूची या कामासाठी चांगली आहे. वंशावळ डीएनएमधल्या खुणांनी (मार्करने) तपासलेली आहे की फक्त जुन्या नोंदीतून घेतली आहे, हे तिथं वेगळं दाखवलेलं असतं.

वाण ओळखण्यातला घोळ केवढा महाग पडतो, याची दोन उदाहरणं याच घराण्यात आहेत. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं पिनो ब्लाँ म्हणून लावलेल्या बऱ्याच बागा खरं तर मेलोंच्या निघाल्या. ऑस्ट्रेलियात आल्बारीन्यो समजून लावलेली वेल साव्हान्याँ निघाली आणि लोकांना बाटलीवरची नावं बदलावी लागली. फळ तेच, वाइन तीच, पण बाजारात उभं केलेलं नाव गेलं.

आता दुसरा प्रश्न. तिला कुणी लावत का नाही? बंदीच्या हुकमांनी ती एकदम गेली नाही. गरिबाची वेल हुकमाने नाहीशी होत नाही. तिला खरा फटका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसला. 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा कीड फ्रान्समध्ये आली आणि युरोपच्या बागा एकामागून एक मेल्या. उपाय निघाला अमेरिकन खुंटावर, म्हणजे किडीला टिकणाऱ्या अमेरिकन वेलीच्या मुळांवर, कलम करण्याचा. पुन्हा लागवड करताना प्रत्येक वेलीला खुंटाचा आणि कलमाचा खर्च आला. ज्या वाइनला भाव नाही तिच्या वेलीवर तो खर्च कोण करणार? फ्रान्समध्ये व्यापारी लागवड जवळपास शून्यावर आली.

मग 1999 मध्ये तपासायला नमुना आला कुठून? भूमध्य समुद्राकाठी, मार्सेयाँजवळ व्हासाल नावाचा फ्रेंच वाणसंग्रह आहे. तिथं वाळूची जमीन असल्याने फिलॉक्सेरा टिकत नाही, म्हणून हजारो वाण स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. ज्यांचा कुणाला उपयोग नव्हता अशा वेलीही तिथं सरकारी खर्चाने छाटल्या जात होत्या. त्या रांगांमध्ये ग्वे नसती तर शार्डोनेची आई आपल्याला कधीच सापडली नसती. मला याची फार आस्था आहे. आपल्याकडे पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातही वाणांचा संग्रह जपला जातो. तिथली एखादी रांग आज कोणाला निरुपयोगी वाटत असली तरी तिची छाटणी थांबता कामा नये.

आज ग्वेची बाटलीबंद वाइन हवी असेल तर फार थोडी ठिकाणं आहेत. स्वित्झर्लंडच्या वरच्या व्हॅलेत, फिस्प गावाच्या आसपास, अगदी थोडी ग्वेस शिल्लक आहे. वर फिस्परटर्मिनेनच्या पायऱ्यांवरच्या बागा 1100 मीटरपर्यंत चढतात. त्याच भागात हिंबर्चा आणि लाफनेचा अशा आणखी दुर्मिळ पांढऱ्या वेलीही जपल्या गेल्यात. लाफनेचा ही हुमान्य ब्लाँश आणि कंप्लेटर यांची संतती. ती ग्वेच्या घरातली नाही, पण शेजारामुळे लोक तिची ग्वेशी गल्लत करतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या रदरग्लेनला चेंबर्स घराण्याच्या बागेत जुन्या ग्वेच्या रांगा अजून पिकतात. वाइन म्हणाल तर हलकी, लिंबू आणि हिरव्या सफरचंदाकडे झुकणारी, दातांना आंबट लागणारी. माशाबरोबर चांगली. शार्डोनेची आठवण शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आणि हेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मूळ उत्तर आहे. लेकराकडे आईच्या प्रत्येक जोडीतली एकच प्रत जाते, आणि तीही कोणती हे नशिबावर. शार्डोने जे आहे ते त्या एका बीत नेमकं काय जमून आलं त्यामुळे. उद्या तुम्ही पिनो आणि ग्वे पुन्हा एकत्र आणून हजार बिया लावल्या तरी शार्डोने निघणार नाही. मग आईला लावून लेकीची चव येईल, ही आशा सोडा.

नाशिकला ग्वे लावायचा विचार का सोडावा, याची कारणं अशी. पहिलं म्हणजे लागवडीचं साहित्य. परदेशातून द्राक्षाच्या काड्या आणायला 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली परवाना लागतो आणि आल्यावरही त्या विलगीकरणात ठेवाव्या लागतात. जुन्या, दुर्लक्षित वाणांच्या काड्यांमध्ये लीफरोलसारखे विषाणू असण्याची धास्ती मोठी. हा विषाणू घेऊन आलेली वेल साखर नीट चढवत नाही, आणि त्याच्यावर फवारणी नाही. दुसरं, जोम. आपण वर्षातून दोनदा छाटणी करतो, वेल पूर्ण झोपत नाही. मुळात दांडग्या जोमाचा वाण डॉगरिज नावाच्या खुंटावर बांधला तर कॅनॉपी, म्हणजे पानाफांद्यांचा पसारा, आवरण्यातच पावसाळा जाईल, आणि दाट पानांत केवडा आणि भुरी हे दोन्ही रोग मुक्कामाला येतील. तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठं: वायनरी तिला काय भाव देणार? नाव कुणाला ठाऊक नाही, चवीला स्वतःची ओळख नाही.

पण तुमच्या प्रश्नामागची खरी अडचण मला वेगळी दिसते. शेनिन काढणीला येते तेव्हा दिवसाचं ऊन चढलेलं असतं, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, वाढायची वाट बघावी तर आंबटपणा पडतो, आणि मग वायनरीत टार्टारिक आम्ल घालून तो भरून काढावा लागतो. ग्वेकडे आंबटपणा आहे म्हणून ती तुम्हाला हवीशी वाटते. तर हा संकर युरोपात आधीच होऊन गेलाय. शेनिन आणि ग्वेची लेक कोलोंबार. तिने ग्वेचा आंबटपणा बराच टिकवला आणि उष्णतेतही तो सहज सोडत नाही, म्हणून दक्षिण आफ्रिकेत आणि कॅलिफोर्नियाच्या गरम मधल्या खोऱ्यात ती भरपूर लावली गेली. कोन्याकच्या भागात ती ब्रँडीसाठी वापरतात, तिलाही आंबट, हलकी वाइनच लागते. थंड तापमानाला आंबवली तर पेरू आणि संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. एकटी फार खोल जात नाही हे खरं, पण शेनिनमध्ये मिसळायला योग्य, आणि दोघींचं थेट रक्ताचं नातं असल्याने एकमेकींना खटकत नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर आधी मांजरीला आणि एखाद्या मोठ्या वायनरीच्या रोपवाटिकेत चौकशी केली असती की कोलोंबारचं विषाणूमुक्त साहित्य देशात कुणाकडे आहे का. असेल तर 110 आर नावाच्या खुंटावर थोड्याच रांगा, शेनिनच्या शेजारी, सारख्याच मांडवावर आणि सारख्याच छाटणीच्या तारखांना. घडांची संख्या सुरुवातीपासून कमी ठेवायची. ही ग्वेची लेक आहे, मोकळी सोडली तर पिकतच राहील आणि चव पातळ होईल. मणी पिकायला लागल्यापासून दर काही दिवसांनी दोन्ही रांगांचे मणी एकाच वेळी काढून ब्रिक्स, पीएच आणि एकूण आम्लता मोजायची आणि वहीत शेजारी शेजारी लिहायची. शेनिन 21 ब्रिक्सला पोहोचते तेव्हा कोलोंबारची आम्लता किती आहे, या एका आकड्यावर पुढच्या एकराचा निर्णय घ्या. तो आकडा तुमच्या जमिनीतला हवा. दुसऱ्याच्या बागेतला चालणार नाही.